पश्चिमेला ठेवलेलं प्रस्थान

लग्न होऊन मी सिंदीला आले तेव्हापासून माझा चहा कधी गरम असताना संपला नाही. करायचा मीच, गाळायचा मीच, पण बशीत ओतून पहिला घोट घेतला की ओसरीवरून सासऱ्यांची हाक यायची, नाहीतर सासूबाईंना मोहरीचा डबा सापडायचा नाही, नाहीतर गाय दावं तोडून परसात फिरायची. परत येईपर्यंत चहावर साय धरलेली. ती साय मी बोटाने काढायची, गार चहा उभ्यानेच घटाघटा पिऊन टाकायची, आणि मनात कोणाकोणाला काय काय म्हणायची ते इथं लिहीत नाही. त्यामुळे भासऱ्यांनी, म्हणजे यांच्या मोठ्या भावाने, पश्चिम जर्मनीहून आम्हा तिघांची विमानाची तिकिटं पाठवली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ना बर्फ आला ना किल्ले. मला दिसली एक खुर्ची, एक कप, आणि हाक मारायला कोणीही नाही.

ऐंशीनंतरची पहिलीच काही वर्षं होती ती. आमच्याकडे लांबचा प्रवास म्हणजे वर्धा, फार लांबचा म्हणजे नागपूर, आणि माझं माहेर आर्वीला, तिथे जायचं तरी सासूबाई चार दिवस आधीपासून घराकडे बघून सुस्कारे सोडायच्या. अशा घरातून एकदम युरोप! भासऱ्यांनी सोबत लिहिलं होतं, 'पंधरवडाभर या, पोरीलाही आणा, काही करू नका, नुसता आराम करा.' ते शेवटचे तीन शब्द मी इतक्यांदा वाचले की तेवढ्या जागेवरचा कागद मऊ पडला.

आमचे हे हायस्कुलात भूगोल शिकवायचे. भूगोलाच्या मास्तराला युरोपची तिकिटं देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणं. शाळेतला नकाशांचा मोठा ग्रंथ त्यांनी घरी आणला, जेवणाच्या खोलीत पसरला, आणि त्याच्याभोवती गुडघ्यांवर रांगत पंधरवड्यात सात देश बसवले. आमची मुलगी चार वर्षांची. तिला वाटलं बाबा घोडा झालेत. ती त्यांच्या पाठीवर बसली आणि सातही देश तिने वरून पाहिले.

"सात देश?" मी म्हटलं. "लेकरू दुपारी झोपतं, आणि वरणभात नाही मिळाला तर घर डोक्यावर घेतं. आपण आराम करायला चाललो आहोत."

"आराम काय, सिंदीत करता येतो," हे म्हणाले.

"कुठल्या घरात? ते घर मला दाखवा, मी तिकिटं परत करते."

 दुसऱ्या दिवशी त्यांनी आखणीत सुधारणा केली. म्हणजे सात देश तसेच ठेवले आणि प्रत्येक दुपारी लाल शाईने एक तास लिहिला: 'निवांत.' मी तो कागद पाहिला आणि घडी घालून त्यांना परत दिला. माझं ठरलं होतं. यांनी सात देश बघावेत, मी आणि पोरगी भासऱ्यांच्या घरी खुर्चीत बसू.

गावाने मात्र आम्हाला बसू दिलं नाही. एकदा बद्रीनाथला जाऊन आलेले एक गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन थंडीत कापूर कसा हुंगावा ते शिकवायचे. बद्रीनाथ आणि जर्मनी यांत त्यांच्या लेखी उंचीचाच काय तो फरक होता. सासूबाईंनी थोरल्या सुनेसाठी लोखंडी खलबत्ता काढून ठेवला. "तिच्या हातच्या भाजीले चव नाई," त्या म्हणाल्या, "खलबत्ता नाई म्हून नाई." विमानात इतकं वजन चालत नाही असं यांनी सांगून पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग तुये कपडे कमी ने."

आणि वर अट होती: घरातून पाय निघायच्या आत उन्हाळ्याचं सगळं वाळवण झालं पाहिजे. वर्ध्याकडचं मे महिन्याचं ऊन, त्यात मी कुरड्यांचा गहू भिजवला, वाटला, चीक काढला, शिजवला, आणि गच्चीवर जुन्या लुगड्यांवर कुरड्या घालत गेले. मुगवड्या झाल्या, ज्वारीचे पापड झाले, शेवया झाल्या. वर्षभराचं सगळं डब्यांत भरून झाकणं लावली. प्रत्येक झाकण लावताना मी मनाशी म्हणायची, खुर्ची. कप. खुर्ची. कप.

मग गावच्या पुरोहितांनी, आमच्या महाराजांनी, पंचांग उघडलं आणि आमच्या निघायच्या दिवशी अमावस्या निघाली.

"अमावस्येले लेकरू घेऊन समुद्र ओलांडता काय?" सासूबाई कडाडल्या. "बह्याड झाले काय सारे?"

"आई, तिकिटं ठरलेली आहेत. विमान थांबत नाही," हे म्हणाले.

"विमानाले कोन थांबवून राह्यलं? तुमी पंचमीलेच निघा. विमान मागून येईन."

थट्टा नव्हती ती. आमच्याकडे यावर जुना उपाय आहे, त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. निघायचा दिवस वाईट असला की त्याआधीचा चांगला दिवस पाहून आपलं एक छोटं गाठोडं जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. नव्या फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि आपल्या वापरातली एखादी वस्तू. गाठोडं गेलं म्हणजे आपण निघालो. मग देह चार दिवस घरात जेवला-झोपला तरी चालतो, देवाच्या हिशेबी तो वाटेवरच असतो.

तीन गाठोडी झाली. यांचा हातरुमाल, माझं एक जुनं पोलकं, आणि पोरीची चिंध्यांची बाहुली. बाहुली द्यायला ती मुळीच तयार होईना. तेव्हा सासूबाईंनी तिला समजावलं, "अवो माय, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरते ना तुआ बाप? तशी बाहुली पुढं जाऊन तुई जागा धरते." हे तिला ताबडतोब पटलं.

अडचण आली ती दिशेची. यांनी नकाशावर पट्टी लावून सांगितलं की जर्मनी वायव्येला आहे. आमच्या घराच्या वायव्येला पिठाची चक्की होती. तिथे ठेवलेलं गाठोडं कोणाच्या तरी ज्वारीबरोबर दळून निघालं असतं. देवळात ठेवावं तर सासूबाई म्हणाल्या, "जित्या मानसायचं प्रस्थान देवाघरी ठेवतेत काय?" शेवटी सासरे बोलले. सासरे एरवी चहा मागण्यापलीकडे फारसं बोलत नसत. ते म्हणाले, "मुंबई पश्चिमेले आहे. पहिले मुंबई तं गाठा." पश्चिमेला एकच घर होतं, भिंतीला भिंत लागून. आणि त्या घराशी आमचं आठ-नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

भांडणाचं कारण बुंदी. भासऱ्यांच्या लग्नात शेजारच्या काकू-काकांना चुकून दुसऱ्या पंगतीत बसवलं गेलं आणि त्यांची पंगत बसेपर्यंत बुंदी संपली. एवढंच. पण काकूंनी पानावरून उठून जी पाठ फिरवली ती फिरवलीच. मी त्यानंतर या घरात आले, त्यामुळे काकूंना मी फक्त मधल्या भिंतीच्या खिंडारातून पाहिलं होतं. पावसाने ती भिंत परसात एका जागी खचली होती. दोन्ही घरांनी ती बांधली नाही, कारण बांधायची तर आधी बोलावं लागलं असतं.

पंचमीच्या सकाळी सासूबाई नातीला घेऊन त्या खिंडारापाशी उभ्या राहिल्या. पलीकडे काकू तुळशीला पाणी घालत होत्या. दोघींमध्ये चार हातांचं अंतर.

"सांग व बाई तिकडं," सासूबाई नातीला मोठ्यानं म्हणाल्या, "आमाले पश्चिमेले तीन गाठोडे ठेवाचे आहे म्हणा. मानसं ठेवाचे नाई, गाठोडेच ठेवाचे आहे म्हणा."

काकूंनी तांब्या खाली ठेवला. "सांग व बाई तुया आजीले," त्याही तितक्याच मोठ्यानं, "पहिल्या पंगतीत ठेवू का दुसऱ्या म्हणा."

पोरीनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. "दोघीयलेबी आयकू आलं ना," ती म्हणाली.

सासूबाईंचा चेहरा पिकल्या मिरचीसारखा झाला. मला वाटलं आता गाठोडी परत येणार आणि अमावस्येपायी माझी खुर्ची बुडणार. मी दाराआडून देवाचा धावा करत होते. तेवढ्यात सासूबाई तुळशीकडे बघून म्हणाल्या, "सांग तिले, बुंदी कमी पडली ते आचाऱ्याचं पाप होतं."

"हे आता सांगून राह्यली," काकू तुळशीलाच म्हणाल्या. पण पुढे आल्या, तिन्ही गाठोडी ओच्यात घेतली आणि आत जाऊन देवाजवळच्या कोनाड्यात ठेवली.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला नियम सांगितला, दम भरल्यासारखा. "आता ते गाठोडं असंच परत आणाचं नाई, समजली? ज्याचं प्रस्थान त्यानं तिथं जाऊन उचलावं अन् पुढं जावं. जितके दिवस जाचं ठरलं तितके दिवस हा उंबरठा ओलांडाचा नाई. माह्या मामानं काशीचं ठेवलेलं प्रस्थान गुपचूप घरी आणलं होतं. त्या साली त्याची विहीर आटली. बैलबी लंगडा झाला." मी मान हलवली. कुरड्या झाल्या होत्या, प्रस्थान ठेवून झालं होतं, मला आता मामाच्या बैलाचं काय!

"मी निघाली का?" पोरीनं आजीला विचारलं.

"हो माय, निघाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी घरात दिसेना. गोठा पाहिला, गच्ची पाहिली, हे सायकल काढून रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आले. सापडली ती काकूंच्या देवघरात, कोनाड्याखाली मांडी घालून, बाहुलीच्या शेजारी. मी खिंडारातून हाक मारली तर तिथूनच ओरडली, "आई, मी तं पोचली!"

तिचं म्हणणं खोडायचं कसं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. बाहुलीनं युरोपात जागा धरली होती, बाहुली तिथे होती, म्हणजे ते युरोप. मी सांगितलं, यांनी नकाशा दाखवला, आजीनं डोळे वटारले. ती रोज सकाळी तोंड धुऊन फ्रॉक बदलायची आणि म्हणायची, "मी युरोपात जाऊन येतो." काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ती खिंडारात दिसली की ते आपली हिरवी झेंडी काढायचे आणि शिट्टी वाजवायचे, मग ती विटांवरून पलीकडे उतरायची. युरोपात कैरीच्या फोडी मिळायच्या, तिखटमीठ लावून. युरोपात बकरी होती. संध्याकाळी ती घरी येऊन तिकडच्या बातम्या सांगायची आणि सासूबाई ऐकत नसल्यासारखं करून सगळं ऐकायच्या.

निघायला दोन दिवस उरले असताना तिला ताप भरला. सकाळी पाहते तर पोटावर, पाठीवर, कानामागे पाण्याचे फोड. डॉक्टरांनी दारातूनच सांगितलं, "कांजण्या. खपल्या पडेपर्यंत कुठे न्यायचं नाही." सासूबाई म्हणाल्या हे शेजारच्या बकरीनं केलं. पोरगी आपले फोड मोजत खुशीत पडून होती.

मी स्वयंपाकघरात गेले आणि पाटावर बसून रडले. मोठ्यानं रडले. लेकरू आजारी म्हणून रडते असं सगळ्यांना वाटलं, आणि वाटू दिलं. खरं सांगायचं तर कांजण्या काय, सगळ्यांना येतात आणि जातात. मी रडत होते त्या खुर्चीसाठी.

हे म्हणाले, "तुम्ही नाही तर मीही नाही." दुपारी पुन्हा म्हणाले. संध्याकाळी तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाज जरा बारीक झाला होता. शाळेला सुट्टी लागलेली, भाऊ विमानतळावर येणार, तिकीट वाया जाणार. सासूबाईंनी निकाल दिला, "तो जाईन. पोरगी अन् सून राहीन." यांनी काकूंकडून आपलं गाठोडं उचललं, खलबत्ता घेतला आणि अमावस्येला निघाले. स्टेशनपर्यंत मी यांच्याशी एक शब्द बोलले नाही. स्टेशनवर जे बोलले ते शेजारच्या डब्यातल्या लोकांनीही ऐकलं.

आठवडाभराने खपल्या पडल्या. कडुनिंबाचा पाला घालून पोरीला न्हाऊ घातलं. ती बरी झाली आणि घर पुन्हा आपल्या चाकोरीत आलं. चहा, हाक, साय. त्याच दिवशी दुपारी खिंडारातून काकूंचा आवाज आला. आता त्यांनी तुळशीलाही मध्ये घेतलं नाही.

"दोन गाठोडे राह्यले आमच्या कोनाड्यात. काय करता त्याचं?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जाय व सूनबाई, घेऊन ये."

मी उठले. दोन पावलं गेले आणि थांबले. त्या क्षणी मला काय सुचलं त्याचा मला अजून अभिमान आहे. मी अगदी गरीब आवाजात म्हटलं, "आणते, आई. पण मामांची विहीर..."

सासूबाईंचा हात सुपात तसाच राहिला. दिवस कडक उन्हाळ्याचे, आमच्या विहिरीनं आधीच तळ दाखवायला सुरुवात केलेली. त्यांनी विहिरीकडे पाहिलं, मग गोठ्यात बैलाच्या पायांकडे पाहिलं. बैलाने नेमका तेव्हाच पाय उचलून माशी झटकली.

"मंग असं कर," त्या म्हणाल्या, "पोरीले घेऊन जाय. एक रात रहाय तिथं, अन् ये."

"एक रात काऊन?" पलीकडून काकू म्हणाल्या. "पंधरवड्याचं ठरलं होतं ना? जितकं ठरलं तितकं. मीबी याच गावची आहो, मलेबी नियम माईत आहे."

"अन् घरचं काम?"

"कोन्तं काम? वाळवण तं झालं सारं. पाह्यलं ना मी, तुमच्या गच्चीवर पाय ठेवाले जागा नव्हती."

सासूबाईंनी सुपातला एक खडा वेचून जोरात परसात भिरकावला. मी आत जाऊन पेटी भरली. जर्मनीसाठी घेतलेला स्वेटर वरच होता, तोही राहू दिला. काकांनी झेंडी दाखवली, शिट्टी वाजवली, आणि मी विटांवरून उतरून, हातात पेटी आणि कडेवर पोरगी घेऊन, माझ्या युरोपच्या सहलीला पोचले.

"आई, पाह्य बकरी," पोरगी म्हणाली. "म्या सांगतलं होतं ना?"

पहिल्या सकाळी मी सवयीने पहाटेच उठले तर काकूंनी मला हाताला धरून मागच्या पडवीत नेलं. तिथे वेताची जुनी खुर्ची होती, काकांची. काकूंनी मला तीत बसवलं आणि चहा आणून हातात दिला. मी बशीत ओतला. पहिला घोट घेतला. आणि भिंतीपलीकडून सासऱ्यांची हाक आली, "सूनबाई, चहा!"

मी अर्धी उठलेसुद्धा. काकूंनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"तू युरोपात आहे," त्या म्हणाल्या. "तितून आयकू येते काय?"

मी प्यायले. जीभ पोळली, गरम चहाची सवयच राहिली नव्हती. कप संपला तरी कोणी आलं नाही, काही सांडलं नाही, गाय सुटली नाही. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि काकूंनी ते पाहून न पाहिल्यासारखं करत विचारलं, "अजून घेतं का?"

ते दिवस कसे गेले विचारू नका. काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यांनी माझी माहेरवाशीण केली. मी झोपले. दुपारी पोरीच्या बाजूला झोपले, जाग आल्यावर पुन्हा झोपले. केसांना तेल लावून घेतलं. वांग्याच्या भाजीशी गरम भाकरी, तव्यावरून ताटात, आणि तीही सगळ्यांत आधी मला. काका आणि पोरगी दिवसभर गाडी-गाडी खेळायचे. ती गाडी कधी वेळेवर आली नाही आणि कोणाला घाई नव्हती. भिंतीपलीकडे भांडी पडायची, डबे आपटायचे, सासूबाई आणि सासरे एकमेकांवर ओरडायचे. खोटं कशाला बोलू, ते आवाज मी कान देऊन, मजेत ऐकायचे. भोगा आता!

मग एक दिवस, पोरीचा चेंडू आणायला म्हणून मी खिंडारापाशी गेले. आमच्या मागच्या दारात सासूबाई बसल्या होत्या. पुढ्यात चहाची बशी. त्यांनी ती उचलली, तेवढ्यात ओसरीवरून सासऱ्यांची हाक आली. बशी खाली ठेवून, गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या. आत गेल्या. बराच वेळ गेला. परत आल्या, चहाकडे पाहिलं, बोटाने साय काढली, आणि उभ्यानेच घटाघटा पिऊन टाकला.

ते बोट, ते उभ्यानं पिणं, सगळं माझंच होतं. मला वाटायचं ही तऱ्हा मी एकटीनं काढली आहे. त्यांची तर चाळीसेक वर्षं अशीच गेली असणार. मी चेंडू न घेताच परत आले. त्या दिवशी संध्याकाळच्या चहाचा मला पहिल्यासारखा स्वाद आला नाही, याचा मला रागही आला. एक सुख धड भोगू देतील तर शपथ!

भावाच्या आग्रहाने आठवडाभर जास्त राहून हे परतले ते वाळलेल्या कुरडीसारखे होऊन. सातांपैकी पाच देश पाहिले, तेही मोटारीच्या काचेतून. निवांतचा तास रोज गाडी उभी करायला जागा शोधण्यात गेला. भासरे स्वतःची भांडी स्वतः घासतात, तिथे सगळेच घासतात, म्हणून यांनाही घासावी लागली. खलबत्ता जाऊबाईंनी दिवाणखान्यात ठेवला आणि त्यात फुलं खोचली. हे सगळं सांगताना ते पाय पसरून बसले होते आणि मी, पंधरवडा भरून उंबरठा ओलांडलेली, त्यांच्यासमोर गुटगुटीत आणि ताजीतवानी बसले होते.

"किती दमलो म्हणून सांगू," हे म्हणाले. "तुझं बरं होतं."

"हो," मी म्हटलं. "माझं बरं होतं."

पोरगी त्यांच्याकडे संशयानं बघत होती. "बाबा, तुमी कुठं गेलते?" तिनं विचारलं. "आम्ही तं युरोपातच होतो. तुमी तं दिसलेच नाई."

पुढे दोन-तीन दिवसांनी, दुपारची जेवणं आटोपल्यावर, सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. हातात नव्या फडक्यात बांधलेलं गाठोडं, मुठीएवढं. ते त्यांनी माझ्यासमोर पाटावर ठेवलं आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "हे ठेवून येजो तिकडं. पश्चिमेले."

"कोणाचं आहे?"

"माहं."

 "कुठं जायचं आहे, आई?"

"ते पाहू मंग," त्या म्हणाल्या. "पहिले निघतो तं खरं."

मी गाठोडं उचललं. आत तांदूळ होते, सुपारी लागत होती, आणि एक बारीक टणक काहीतरी होतं, ते त्यांचं चहाचं गाळणं निघालं. मी ते त्यांच्याच हातात परत दिलं. "ज्याचं त्यानं न्यावं," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलं होतं."

बुंदीच्या दिवसापासून त्या घरात त्यांनी पाय ठेवला नव्हता. खिंडारापाशी त्या थांबल्या, लुगडं सावरलं, मागे वळून ओसरीकडे एकदा पाहिलं. पलीकडे काकू दारात आल्या होत्या. त्यांनी गाठोड्याकडे पाहिलं, सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मला धाकधूक वाटली, पंगतीचा हिशेब आता निघतो की काय. काका झेंडी शोधायला आत धावले.

"या बाई," काकू म्हणाल्या. "पहिलीच पंगत आहे."

सासूबाई विटांवरून उतरल्या. मी त्यांना पडवीकडे जाताना पाहिलं, वेताच्या खुर्चीपाशी थबकताना पाहिलं, आणि मग बसताना. काकूंनी आत जाऊन स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात ओसरीवरून हाक आली, "अवो, चहा! कुठं गेल्या?"

मी बाहेर गेले. "आई बाहेरगावी गेल्या, मामंजी."

सासऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चाळीसेक वर्षांत असं उत्तर त्यांना कोणी दिलं नसावं. "बाहेरगावी?" ते म्हणाले. "काहाले?"

"चहा प्यायला," मी म्हटलं, आणि त्यांच्यासाठी आधण ठेवायला आत गेले.